जात्याला जागा

मानवतच्या मोंढ्यात व्यंकटरावांची धान्याची अडत होती. त्यांच्या घरामागच्या खोलीत पारूबाई एकटीच राहायची. नवरा रझाकारांच्या धामधुमीत गेला, मूलबाळ नव्हतं. खोलीचं भाडं म्हणजे घरचं दळण. माहेराहून आणलेल्या जात्यावर ती पहाटे त्या मोठ्या खटल्याची ज्वारी दळायची, आणि त्या चार भिंतींना हक्कानं आपलं घर म्हणायची.

निजामी गेली आणि पाठोपाठ मोंढ्यात इंजिनाची चक्की आली. पारूबाईनं तिला पोटभर शिव्या दिल्या. चक्कीत पीठ करपतं, भाकरी थापताना तुटते, असं तिनं व्यंकटरावांच्या बायकोच्या, कावेरीबाईंच्या मनात पक्कं भरवून ठेवलं होतं.

पुढं एका पावसाळ्यात तिचा खांदा आखडला. हात वर होईना. दळण चुकलं तर खोली जाईल, या धास्तीनं तिनं गुपचूप ज्वारी चक्कीवर नेली, पीठ निवू दिलं आणि रोजच्यासारखं नेऊन दिलं. भल्या बाईनं निदान जाडंभरडं तरी दळून आणायचं! पण वाईट काही द्यायची तिला सवयच नव्हती.

व्यंकटरावांनी त्या दिवशी भाकरीची लय तारीफ केली. कावेरीबाईंनी ती कौतुकानं पारूबाईला सांगितली, आणि या बाईला खोटं पचतंय कुठं? तिनं रडत सगळं कबूल केलं. कावेरीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या विचारात पडल्या.

थोड्याच दिवसांत निरोप आला, की दळण आता चक्कीवर जाईल, खोलीचं भाडं रोख द्यावं लागेल. चक्कीचं इंजिन चालवणारा सुग्रीव ते द्यायला तयारच होता. पारूबाई दारोदार हिंडली. दळणावर खोली आता कुणीच देत नव्हतं. शेवटी झरी गावच्या भावानं ओसरीचा एक कोपरा देऊ केला.

निघायच्या दिवशी ती जमिनीत रोवलेलं जातं उकरायला बसली. तेवढ्यात कावेरीबाई दारात आल्या.

"पारू, जातं राहू दे गं. आमच्या विमलच्या लग्नात हळद दळायला लागंल. त्याला चक्की चालत नाही."

पारूबाईचा हात थांबला. जातं आईचं होतं, जीव तुटत होता. पण भावाच्या ओसरीत ते रोवणार कुठं?

"राहू द्या, काकू," ती म्हणाली. "मला न्हाई तर न्हाई, त्याला तरी जागा हाय."

उकरलेली माती तिनं दुखऱ्या हातानं पुन्हा थापून बसवली, वरून पोतेरं फिरवलं आणि गाठोडं घेऊन झरीच्या वाटेला लागली.