सुभद्राकाकूंच्या घरातला कॅमेरा

किस्से काही मी शोधत जात नाही. आमच्या सास्तूरात भूकंपानंतर बांधलेली घरं सरळ ओळीत. ओट्यावर ज्वारीचं सूप घेऊन बसलं की समोरचं सगळं आपोआप दिसतं. आता डोळे मिटून का कुणी ज्वारी निवडतं?

त्यात समोर सुभद्राकाकू. वय ऐंशीच्या घरात, एकट्याच राहतात. मुलगा सुरेश पुण्यात नोकरीला. गल्लीतल्या तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम काकूंचं. मध्यंतरी त्या मोरीत घसरल्या. पाय मुरगळला, एवढंच. पण सुरेश धावत आला, मोरीत धरायला दांडी बसवली, काकूंच्या हाती काठी दिली अन् बजावलं, "परत पडलीस तर ऐकणार न्हाय. सरळ पुण्याला न्हेणार."

काकूंचा चेहराच उतरला. अकराव्या मजल्यावर त्या एकदा राहून आल्या होत्या. "लिफ्टमधी माणसं भेटत्यात," म्हणायच्या, "पण दार उघडलं की निघून जात्यात."

काठीनं मात्र काकू शेवग्याच्या शेंगा पाडतात. चालताना ती माझ्या ओट्यावर ठेवून जातात.

* * *

जाताना सुरेशनं काकूंच्या खोलीत कॅमेरा बसवला. पुण्यात मोबाईलवर आई दिसणार, बोलायचीही सोय. दुसऱ्याच दिवशी उजाडताना त्याचा मला फोन.

"मंगलवहिनी, लवकर बघा, आई खाटेवर न्हाय!"

"अरे, त्या खाटेवर होत्या कधी?"

भूकंपापासून काकू अंगणातच झोपतात. पाऊस आला तर पडवीत. पोरगा इथंच वाढला, पण पुण्यात जाऊन विसरला.

* * *

गल्लीच्या टोकाला अण्णाराव तात्या राहतात. बायको गेल्यापासून बीपीची गोळी हमखास विसरायचे. एकदा ते काकूंकडं चहा पीत असताना कॅमेऱ्यातून आवाज आला, "आई, गोळी घेतलीस का?" काकूंनी गोळी वर धरून दाखवली, गिळली, जीभही काढून दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून तात्याही आपली गोळी घेऊन कॅमेऱ्यापुढं हजर. "सुरेश, बघ रं, घेतली."

एका दुपारी सुरेशनं ऑफिसातून मला फोन केला. तात्या आज आले नाहीत, जरा बघता का? तात्या न सांगता येडशीला लेकीकडं गेले होते. परत आल्यावर सुरेशनं कॅमेऱ्यातूनच त्यांना झापलं.

तात्या लई खूश. म्हणाले, "मला वरडायला कुणी उरलंच नव्हतं."

* * *

मागच्या महिन्यात सुरेशला मोबाईलवर दिसलं की आई जमिनीवर, पाय पसरलेले, पाठ कॅमेऱ्याकडं, अन् उठेना. हाका मारल्या, तर आवाज पोचेना. मला फोन लावला, तर माझा फोन घरात अन् मी काकूंच्या चुलीवर पाणी तापवत बसलेली. त्यानं तशीच गाडी काढली.

मी उलटा फोन केला तोवर तो सोलापूरजवळ आलेला. सांगितलं की पडल्या नाहीत बाबा, पायांवर बाळ घेऊन तेल लावत होत्या.

"आज बाळ होतं," तो म्हणाला. "उद्या खरंच पडली तर? आता घेऊनच जातो."

दुपारी पोचला तो सोलापुरात विकत घेतलेली रिकामी बॅग घेऊन. गाडी चालवून कंबर धरलेली, वाकता येईना. काकूंनी बॅगेकडं बघितलं. चटई टाकली, तेलाची वाटी घेतली अन् म्हणाल्या, "पालथा हो."

सकाळी सुरेशच्या बायकोचा मला फोन. "वहिनी, कॅमेऱ्यात दोघंही दिसत नाहीत. निघाले का?"

मी समोर गेले. अंगणात सुरेश घोरत पडलेला. एक बाळंतीण बाळ घेऊन दारात थांबलेली, अन् काकू तिला तोंडावर बोट ठेवून सांगत होत्या, "हळू बोल. माझं लेकरू झोपलंय."

ऊन तोंडावर आलं तेव्हा सुरेश उठला. चहा प्याला, खोलीतला कॅमेरा काढला अन् अंगणातल्या लिंबाच्या झाडाला बसवला. मग बॅगेत शेवग्याच्या शेंगा भरल्या अन् एकटाच पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर सूप घेऊन बसले होते. लिंबाच्या झाडातून आवाज आला.

"मंगलवहिनी, ती ज्वारी कालच निवडून झाली होती न्हवं?"