गेट नसलेलं घर

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडावर वेल्डिंगची काच होती. दिंडोरीच्या एका बागायतदाराचे द्राक्षमांडवाचे अँगल जोडत होतो. फोन वाजत होता, म्हटलं वाजू दे. जोड अर्धा सोडायचा नाही, हे आम्हा दोघांना आयटीआयमध्ये एकाच मास्तरांनी शिकवलेलं. जोड पुरा केला, काच वर केली, फोन घेतला. शोभावहिनी होत्या, मिलिंदच्या मिसेस. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळी उठून चहा घेतला, पेपर मागितला आणि पेपर हातात यायच्या आत माणूस खुर्चीतच कलंडला. खरं सांगतो, आवडो न आवडो, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? यातही पुढे गेला लेकाचा!

रडू आलं ते नंतर, सातपूरच्या सिग्नलला, हेल्मेटच्या आत. पण आधी आला तो जळफळाटच. आता पाच-सहा आठवडे झालेत. पुण्यानुमोदनाच्या सभेत कॉलनीतली दहा-बारा माणसं बोलली. प्रत्येकानं सांगितलं, मिलिंद म्हणजे जग बघितलेला माणूस, हुकूमशहा पडताना डोळ्यांनी पाहिलेला माणूस. मला दोनदा नावानं पुकारलं. मी पाणी वाटत होतो, वाटतच राहिलो. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितोय. लिहिणं बरं, समोर तोंडं नसतात.

आमची मैत्री चाळीस वर्षांची आणि त्यातला माझा मत्सर साधारण एकोणचाळीस वर्षांचा. आयटीआयला बाकं शेजारी, नोकरी एकाच कारखान्यात, शनिवारची सुट्टीही एकच. माझा हात त्याच्याहून साफ, असं सगळं खातं म्हणायचं. माझा जोड बघायला सुपरवायझर नव्या मुलांना घेऊन यायचे. मग कारखाना बंद पडला आणि परदेशी नोकरीसाठी आम्ही दोघं मुंबईला ट्रेड टेस्ट द्यायला गेलो. पाइप हलवायचा नाही, आपणच भोवती फिरून, वाकून, खाली झोपून जोड घ्यायचा, मग त्याचा एक्स-रे काढतात. माझ्या जोडात हवेचा एक बुडबुडा निघाला. मुगाच्या डाळीएवढा! मिलिंद पास, मी नापास. तो लिबियाला गेला, मी सातपूरला परत आलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

तिकडे तो युरोपातल्या एका कंपनीच्या पाइपलाइनवर होता, समुद्रकाठच्या शहरात. फोन करायचा तेव्हा निम्मं बोलणं सालेमचं. सालेम म्हणजे कामगारांच्या कॅम्पच्या गाडीचा ड्रायव्हर, तिथलाच माणूस. सालेमनं खजूर दिले, सालेमच्या घरी जेवलो, सालेमची पोरगी मला 'मिलिन, मिलिन' म्हणते. मी इथं मिलिंदच्या आईला दवाखान्यात नेत होतो, त्याच्या मुलाची ॲडमिशन करत होतो, आणि ह्याच्या तोंडी सालेम! एकदा मी फोनवर म्हटलंच, "मग सालेमलाच सांग ना लाइट बिल भरायला." तो खो खो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

मग तिथले लोक उठले. चाळीस वर्षं एकच माणूस खुर्चीवर बसलेला. आधी वकील रस्त्यावर आले, मग पोरं, मग बायाबापड्या. सैन्यानं गोळ्या घातल्या तरी लोक हटले नाहीत. मी इथं तीन-तीन पेपर वाचत होतो, नकाशा काढून भिंतीवर लावला होता. कुठलं गाव कुणाच्या ताब्यात, कुठला देश काय म्हणाला, सगळं मला पाठ. आणि मिलिंद? तो तिथं होता. मी वाचलं, त्यानं पाहिलं. पंधरा-वीस दिवसांनी जहाजानं इजिप्त, तिथून विमानानं मुंबई, असा तो घरी आला. अंगावरच्या कपड्यांनिशी आला, तरी कॉलनीनं हार घातले.

तेव्हापासून चौकातल्या चहाच्या टपरीवर त्याचं राज्य सुरू झालं. मी माहिती द्यायचो, लोक मान डोलवायचे. तो तोंड उघडायचा, लोक चहा प्यायचे विसरायचे. आणि बोलायचाही असा की... "पहिल्या आठवड्यात बाहेरचे देश चिंता व्यक्त करतात," तो म्हणायचा. "दुसऱ्या आठवड्यात म्हणतात, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. अरे, एका बाजूला रणगाडा, दुसऱ्या बाजूला चप्पल, दोघांनी कसला संयम पाळायचा? तिसऱ्या आठवड्यात तेल कुणाकडे जाणार ते दिसतं, मग विमानं येतात." ज्या हुकूमशहाच्या तंबूत जाऊन कालपर्यंत मिठ्या मारल्या, फोटो काढले, त्याच्याच घरावर बॉम्ब. गरज सरो, वैद्य मरो. ती विमानं आली तेव्हा मिलिंद माझ्याच घरी टीव्हीसमोर बसला होता. तिथले लोक आभाळाकडे बघून नाचत होते. आमच्या हिनं विचारलं, "चांगलंच झालं ना हो?" मिलिंद म्हणाला, "नाचू दे वहिनी. आज त्यांना मारणारा मरतोय. पण विमानवाला पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही." आणि झालंही तसंच. राजा गेला, देशाची शकलं झाली, बंदुका घरोघर गेल्या, विमानवाले दुसऱ्या कामाला लागले. ते फोन न उचलण्याचं वाक्य मला का सुचलं नाही, म्हणून मी आठवडाभर कुढत होतो. काय माणूस मी!

पुढे श्रीलंकेत लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरून त्यांच्या पोहण्याच्या तलावात पोहले, तेव्हा टपरीवर मिलिंद. बांगलादेशात सरकार पडलं, निफाडकडच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याचे कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले, तेव्हाही तो मिलिंदलाच विचारायला आला. मी त्या व्यापाऱ्याला नीट सांगत होतो, शेजारी देश अशा वेळी आधी सीमा बंद करतात, मग नव्या सरकारचा अंदाज घेतात, मग आधी व्यापार सुरू होतो आणि मैत्री नंतर. मुद्देसूद सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. पन ते मिलिंदभाऊ कधी येतील?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टाळत होतो मघापासून.

मिलिंदच्या घराला गेट नव्हतं. कंपाउंडची भिंत होती, दोन खांब होते, खांबांत बिजागऱ्याही बसवलेल्या, पण मध्ये मोकळं. वेल्डरचं घर आणि गेट नाही! शेळ्या आत शिरून वहिनींचा मोगरा खायच्या, कुत्री ओसरीवर झोपायची. सगळे थट्टा करायचे. मिलिंद म्हणायचा, "होईल की, घाई काय?" त्याचं कारण जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. वहिनींनासुद्धा नाही. लिबियाहून आल्यावर तो वर्षभर माझ्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता. गेटची ऑर्डर आली की हा चहाला जायचा. एकदा दुपारी मी चिडलो, "मालक आहेस का तू?" तेव्हा त्यानं ग्राइंडर खाली ठेवला आणि सांगितलं.

शहर पेटलं तेव्हा कंपनीचे गोरे साहेब सगळ्यांत आधी गेले, त्यांच्या देशानं विमान पाठवलं. जाताना मॅनेजर सांगून गेला, लुटारू फिरताहेत, कॅम्पचं गेट आतून वेल्ड करा आणि तुमच्या देशाची मदत येईपर्यंत उघडू नका. वेल्ड कुणी केलं? मिलिंदनं. चार जोड. दुसऱ्या दिवशी सालेम आला, बायको आणि पोरीला घेऊन. त्यांच्या गल्लीत गोळीबार चालू होता. परदेशी कंपनीच्या भिंतीवर कुणी गोळी झाडणार नाही, असं त्याला वाटलं. तो गेट वाजवत होता, 'मिलिन, मिलिन' हाका मारत होता. पोरगीही मारत होती. मिलिंदच्या हाताशी लोखंड कापायचा ग्राइंडर होता. चार जोड कापायला किती वेळ लागतो ते वेल्डरला सांगावं लागत नाही. पण मागे कॅम्पातली दोनशे माणसं म्हणत होती, उघडू नको, त्यांच्या मागून बाकीचे घुसतील. त्यानं उघडलं नाही. अर्ध्या तासानं आवाज थांबला. तिसऱ्या दिवशी बस आल्या, गेट कापलं, बाहेर कुणी नव्हतं. सालेमचा फोन पुढे कधीच लागला नाही. "बाहेरचे देश चिंता व्यक्त करतात असं मी म्हणतो ना, पक्या," मिलिंद म्हणाला, "मी पण आतून तीच व्यक्त करत होतो." आणि म्हणाला, "कुणाला बोलू नको."

मी कुणाला बोललो नाही. बारा-तेरा वर्षं नाही. त्याच्याकडे जे जे होतं त्यात माझं एकट्याचं असं हेच काय ते होतं, आणि ते मी जपलं.

मागच्या एप्रिलात, जयंतीच्या आठवड्यात कॉलनीच्या विहारात व्याख्यानं झाली. एक दिवस मिलिंदचा, विषय 'जनता उठते तेव्हा'. विषय सुचवला मी, बोलायला बोलावलं त्याला. पत्रिकेत त्याचं नाव ठळक, माझं आभारप्रदर्शनात. सभागृह गच्च भरलं होतं, कॉलेजची पोरं पायऱ्यांवर बसलेली. फार सुरेख बोलला. शेवटी म्हणाला, बाहेरच्यांकडून एवढंच मागावं, विमानं नकोत, उपदेश नको, जीव वाचवायला कुणी दाराशी आलं तर दार उघडं ठेवा. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी बसलेला माझा स्वतःचा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रश्नांची वेळ आली आणि मी हात वर केला. माइक आला. मी विचारलं, "मिलिंदराव, दार उघडं ठेवा म्हणता. तुमच्या कॅम्पचं गेट वेल्ड कुणी केलं होतं? आणि बाहेर सालेम उभा होता तेव्हा उघडलं का नाही?"

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माइक जवळ घेतला आणि म्हणाला, "मी केलं. उघडलं नाही." मग चष्मा काढला, घडी केली, खाली येऊन बसला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना तिथं, त्या सगळ्यांसोबत कळलं. आभारप्रदर्शन मीच केलं, कारण पत्रिकेत होतं.

त्यानंतर तो या विषयावर एक शब्द बोलला नाही. टपरीवर यायचा, कटिंग घ्यायचा, हवापाण्याचं बोलायचा. सप्टेंबरात नेपाळमध्ये पोरं रस्त्यावर उतरली, सगळे त्याच्याभोवती जमले. "मला काय माहीत," म्हणाला, "पक्याला विचारा, तो रोज वाचतो." आणि सगळे माझ्याकडे वळले! आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि मी अर्धा चहा टाकून वर्कशॉप गाठलं. चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर माफी मागायला वाट तरी मिळाली असती. तो वर्कशॉपवर येऊन पूर्वीसारखाच स्टुलावर बसायचा. मी रोज ठरवायचो, आज बोलू. छाटणी झाली, बागांची कामं आली, अँगलची घाई होती... उद्या, उद्या करत राहिलो, आणि तो फोन आला.

मागच्या शनिवारी वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, आता एकटी आहे मी. मुलगा पुण्याला. गेट करून द्याल?" मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या वहिनी. मी नको. माझं तोंड आहे का?" त्या म्हणाल्या, "मी पण हेच म्हटलं होतं त्यांना. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, त्या माणसाला घरात घेऊ नका. तर हे म्हणाले, त्यानं खोटं काय सांगितलं? इतकी वर्षं मला तुला सांगता आलं नाही, ते त्यानं सांगून टाकलं. आणि म्हणाले, कधी गेट करायचं झालं तर पक्याकडूनच कर. माझ्या हातचं नको. त्याचा हात माझ्यापेक्षा पहिल्यापासून साफ आहे, मुंबईला त्याचं नशीब आडवं आलं." हे ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो. ऐकलं, आणि खिशातला टेप काढून दोन खांबांमधलं अंतर मोजायला लागलो.

चार दिवस लागले गेटला. एकही जोड दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. घासून, रंग देऊन काल त्याच्याच बिजागऱ्यांवर चढवलं. इतकी वर्षं रिकाम्या होत्या, तेल घातल्यावर लगेच धरल्या. वहिनींनी कडी बघितली. गेटच्या मधोमध खाच ठेवून मी ती अशी बसवलीय की आतल्यासारखीच बाहेरूनही उचलता येते. कुलपाला कोयंडा ठेवलेला नाही. मी बाहेर रस्त्यावर गेलो, गेट ओढून घेतलं आणि तिथूनच कडी उचलून दाखवली.

"अहो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हे तर कुणीही उघडेल."

"हो वहिनी," मी म्हटलं. "कुणीही."

त्यांनी स्वतः कडी एकदा उचलून बघितली, सोडली. मग म्हणाल्या, "आत या, चहा टाकते."