आवाज काढून दावा की

सात रस्त्याजवळच्या गॅरेजात मिस्त्री गाड्या दुरुस्त करायचे, तेव्हा त्यांनी नुसतं रागानं बघितलं तरी बंद पडलेली स्कूटर सुरू व्हायची. पुढं उजवा हात इंजिनाखाली सापडला आणि मालकानं त्यांना काचेआडच्या टेबलावर तक्रारी लिहायला बसवलं. ताकीद अशी, की पुन्हा गाडीला हात लावला तर ही खुर्चीही जाईल.

मिस्त्रींनी वाट काढली. गिऱ्हाईक ‘गाडी आवाज करते’ म्हणालं, की ते पेन ठेवून डोळे मिटतात. “कसा? काढून दावा की.” मग वकीलसाहेब खर्रखर्र करतात, शाळेच्या बाई टकटक करतात. एका फौजदारानं तर असा फटाका काढला, की रस्त्यावरची म्हैस उधळून थेट लांबच्या होटगी गावाला पोचली.

परवा माझी गाडी ठणठणीत होती. तरी मिस्त्रींच्या हाताला काम म्हणून गेलो आणि बेंबीच्या देठापासून ‘घर्रर्र-खट्’ काढलं. मिस्त्रींचा डावा हात नेहमीसारखा हवेतच पाना फिरवायला लागला, आणि एकाएकी थांबला.

“सायेब, असला आवाज कुटल्याच गाडीला नसतोय. थापा मारताय तुमी.”

मी ओशाळून उठलो.

“बसा की,” डोळे न उघडताच ते म्हणाले. “आता गाडी चढाला लागलीया, तसा काढा.”