मालिनीची लाल पाटी

मालिनी आमची सून. बदलापूरची मुलगी. लग्न होऊन अंबरनाथला आली ती सामानात कॉम्प्युटर घेऊनच. उल्हासनगरच्या दुकानांतून सुटे भाग जमवून तिने तो स्वतः जोडला होता आणि त्याच्या एका बाजूला पत्राच नव्हता. माझी पत्नी कुमुदिनी म्हणाली, "अगं, हा उघडाच की!"

"गरम होतो हो आई. राहू दे तसाच."

तिच्याबद्दल कुणीतरी लिहावं असं मला फार वाटे. कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच जमेल तसं लिहितो आहे.

गोष्ट १९९८ची. दिवसा ती उल्हासनगरला टेकचंद यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. घरी आली की दुसरं काम. नकाशे काढण्याचा एक मोठा प्रोग्राम होता. मालक कुणी नाही, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. देशोदेशीची माणसं एकमेकांना न भेटता तो मिळून लिहीत, तेही बिनपगारी.

"तू त्यात काय करतेस?" मी एकदा विचारलं.

"झाडलोट," ती म्हणाली. "प्रोग्रामचे हजारो तुकडे असतात, अण्णा. कोणता आधी तयार करायचा, कोणता कशाला जोडायचा, हे सांगणाऱ्या फाइली वेगळ्या. त्यांना बिल्ड फाइली म्हणतात. जो आला त्याने आपल्या ओळी घातल्या, काढल्या कुणीच नाहीत. आता त्यात हात घालायला सगळे घाबरतात."

"म्हणजे आपला माळा," कुमुदिनी म्हणाली.

तो माळा मालिनीने पावसाळाभर उपसला. निरुपयोगी वाटल्या त्या ओळी काढल्या, फाइली पाठवून दिल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. मग तक्रारी सुरू झाल्या. परदेशातल्या एका शिक्षकाकडे फार जुनं मशीन होतं. त्याच्याकडे प्रोग्राम तयारच होईना. मालिनीच्या मशीनवर ज्या ओळींना काही काम नव्हतं, त्यांच्यावरच त्याचं सगळं चालत होतं. प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांनी कळवलं, आणखी कुणाचं अडणार नाही याची खात्री देता येत नसेल तर तुमचं सगळं काम काढून जुन्या फाइली परत बसवू.

त्या दिवशी ती जेवेना. "माझ्याकडे एकच मशीन. जगातली सगळी कुठून आणू?"

मी एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात होतो. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. बोलावं की नाही या विचारात बसून राहिलो. शेवटी कुमुदिनीच म्हणाली, "बोला की! केव्हाचा एकच घास घोळवताय."

मग मी सांगितलं. आमच्याकडे जुन्या पाइपांचं जाळं होतं. कोणता चालू, कोणता नुसताच पडून, नक्की कुणालाच ठाऊक नसे. पण पाइप आम्ही कधी थेट कापला नाही. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्यावर लाल पाटी टांगायची. बंद करणाऱ्याचं नाव आणि खातं पाटीवर. मग सगळ्या शिफ्ट होऊ द्यायच्या, सगळ्या प्रकारचा माल एकदा निघू द्यायचा. कुणाचं अडलं तर तो ओरडत यायचा. कुणीच आलं नाही, तरच कापायचा.

"पाटीवर नाव कशाला?"

"शिव्या कुणाला द्यायच्या ते कळायला नको?"

ती हसली. मग म्हणाली, "पण मी व्हॉल्व्ह बंद नाही करणार. तुमच्याकडे माणूस धावत यायचा. इथे तो समुद्रापलीकडे. त्याचं काम चालू राहू दे, मी नुसती पाटी लावते."

हे मला सुचलं नसतं.

तिने सगळ्या ओळी परत घातल्या. मात्र संशयाच्या ओळीपाशी काम आलं की वापरणाऱ्याच्या पडद्यावर सूचना उमटे. ही ओळ काढणार आहोत, हवी असल्यास कळवा. खाली नाव, मालिनी, अंबरनाथ. पुढची आवृत्ती निघेपर्यंत थांबायला ते गृहस्थ तयार झाले.

टपाल टेकचंद यांच्या क्लासवर, कॉम्प्युटरवरच येई. ते म्हणायचे, "मॅडम, सारी दुनिया अंबरनाथ पूछती है! मेरा क्लास तो उल्हासनगर में है, हमारा भी नाम डालो ना!" काहींना अंबरनाथ हे तिचं आडनावच वाटलं. तिने प्रत्येकाला उत्तर दिलं. ज्यांची गरज होती त्या ओळी ठेवल्या आणि पाटीवरच कारण लिहिलं. बाकीच्या काढल्या. नवी आवृत्ती निघाली तेव्हा बिल्ड फाइली निम्म्यावर आल्या होत्या आणि एकही तक्रार आली नाही. तिचं काम टिकलं. शिवाय त्या गृहस्थांनी सगळ्यांना कळवलं, यापुढे काहीही काढायचं असेल तर आधी मालिनीसारखी पाटी लावा, आपल्या नावागावासकट.

वर्षभराने त्या शिक्षकाचं पत्र आलं. जुनं मशीन बंद पडलं होतं. माझ्या ओळी आता काढा, असं त्याने लिहिलं होतं. मालिनीने मला शेजारी स्टुलावर बसवलं.

"अण्णा, या तुम्ही काढा. ही कळ दाबायची फक्त."

"नाही," मी म्हणालो. "जो पाटी लावतो, काढायचीही त्यानेच. आमच्याकडे मॅनेजरलासुद्धा हात लावू देत नसत."

तिने ओळी काढल्या, पाटीही काढली. उघड्या बाजूने पंख्याचा आवाज येत होता. कुमुदिनी आतून म्हणाली, "झाला का माळा रिकामा?"

"झाला, आई," मालिनी म्हणाली.