बटईचा आंबा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारता सांगते, आणि सांगत राहणार. आजोबा दुसऱ्याच्या धानात राबले, बाबा रेल्वेत पॉइंटमन झाले आणि मी दुर्गच्या कॉलेजातून बी.ए. झाले. "त्याचा फायदा काय झाला?" असं बाबा अजूनही अधूनमधून विचारतात. फायदा असा, की भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाला काहीही लावायचं असलं, दिवा, माइक किंवा झाड, की मला बोलावणं येतं.

झाड दर पावसाळ्यात लावतात. खड्डा दर वर्षी तोच असतो. नवा खणायचा म्हणजे मुरूम फोडावा लागतो, आणि पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं. मागच्या वर्षीचं रोप तोवर आपणहून जागा रिकामी करून गेलेलं असतं. रोपांइतकी समजूतदार मंडळी मी मंडळात दुसरी पाहिली नाही. त्याच्याभोवतीची हिरवी जाळी मात्र टिकते. तीच जाळी उचलून नव्या रोपाला घालतात, फोटो काढतात, आणि मग मी कविता म्हणते.

कविता माझीच आहे. त्यात एक म्हातारा झाड लावतो. फळ धरायच्या आत तो मरतो, आणि मरताना खूश असतो. झाडाच्या कवितेत लावणाऱ्याला स्वतः फळ खायची मुभा नसते, हे मला लिहिता लिहिता आपोआप कळलं होतं. म्हातारा मेला की टाळ्या पडतात. मग समोसे येतात. समोशांच्या प्लेटा कुठे फेकतात ते सांगत नाही. जाळीचा तेवढा तरी उपयोग होतो.

अडचण एवढीच, की माझ्या आईनं खरंच एक झाड लावलं, ते खरंच वाढलं, आणि ती मेली नाही. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आम्ही तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. आईच्या माहेरी, गोंदियाकडे, लोणच्याचा एक आंबा होता. कैरी आंबट, जाड सालीची, वर्षभर बरणीत राहून कुरकुरीत. तिथली एक कोय ओल्या फडक्यात गुंडाळून आईनं पॅसेंजरनं आणली आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात पुरली. बाबा चिडले.

"कावून लावून राहिली आंबा? क्वार्टर आपलं आहे का?"

"जमिनीले काय माहीत कोनाचं आहे ते."

"मेथी लाव. बदली झाली तर शिजवून निघता येते."

नोकरी करणाऱ्यांच्या कॉलनीत सगळे मेथीच लावत. फार तर शेवगा, कारण तो घाईत येतो. आंबा लावणारी आई एकटी. इन्स्पेक्शन असलं की बाबा त्या रोपावर ओला टॉवेल वाळत घालत. रोप वाढलं तसा टॉवेल पुरेना, मग चादर आली. साहेबांना झाड दिसलं तर ते आपल्या पेन्शनमधून कापतील, अशी बाबांना खात्री होती. साहेबांनी झाडाकडे कधी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तर 'इथे चादर का वाढते आहे' एवढंच विचारलं असतं.

आंब्यानं फळ धरलं ते बरोबर बाबांच्या रिटायरमेंटच्या उन्हाळ्यात. झाडांना वेळेचं भान असतं म्हणतात ना, ते असं. आम्ही खुर्सीपारला स्वतःचं घर घेतलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे सिमेंटची पट्टी; तिथे मिरचीचं रोप लावायचं तर मिरचीला उभंच राहावं लागलं असतं. क्वार्टर सोडताना लोक काय काय काढून नेतात: पत्रे, जाळ्या, नळाची तोटी, काही जण दाराची कडीसुद्धा. आंबा काढून नेता येत नव्हता. म्हणून आईनं तिला ठाऊक असलेली एकच गोष्ट केली. झाड बटईनं दिलं.

बटई म्हणजे शेत एकाचं, कसणारा दुसरा, पीक अर्धं-अर्धं. आईच्या माहेरी निम्मा गाव बटईवर चाले, तेव्हा तिला यात काही वावगं वाटलं नाही. क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या बाईला तिनं चावीबरोबर करार सांगितला: पाणी तू घालजो, अर्ध्या कैऱ्या तुझ्या, अर्ध्या माझ्या. ती बाई गरीब स्वभावाची होती, हो म्हणाली. तिनं जाताना तिच्या मागून येणारीला सांगितलं. रेल्वेच्या जमिनीवर, रेल्वेच्या पाण्यावर, आमची बटई बिनबोभाट सुरू झाली. दर उन्हाळ्यात मी स्कूटीवर मागे आईला बसवून नेई. तिच्या मांडीवर रिकामं पोतं, हातात आकडा बांधलेला बांबू, रस्त्यातले लोक बाजूला होत. आमचा अर्धा भाग पूर्वेकडचा होता. पूर्वेकडच्या फांद्यांनाच कैऱ्या जास्त लागत, हा योगायोग.

मग एका वर्षी तिसरं कुटुंब आलं. तुमसरकडची तरुण बाई, नवरा मालगाडीवर गार्ड. आम्हाला ती आल्याचं ठाऊक नव्हतं. आईनं नेहमीसारखं फाटक स्वतःच उघडलं, मागच्या अंगणात गेली आणि बांबू वर घातला. पहिली कैरी पडते न पडते तोच ती बाई झाडू घेऊन बाहेर आली.

"काहो काकू, कोन तुमी?"

"झाडवाली," आई म्हणाली.

"कोनती झाडवाली?"

"मागच्यांनी सांगतलं नाई का तुले?"

"मागच्यांनी सांगतलं, नळ टपकते. झाडाचं काही नाई सांगतलं."

आईनं बांबू भिंतीला टेकवला आणि तिला बटई समजावली. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग झाडू कमरेला टेकवून म्हणाली, "म्हंजे पानं मी झाडू, माटा मुंग्या माह्या लेकराले चावतीन, पोट्टे माह्या पत्र्यावर गोटे मारतीन, आन लोनचं तुमी घालसान?"

"अर्धं तुले आहे ना."

"काकू, जमीन रेल्वेची, पानी रेल्वेचं, झाडू माहा. तुमचं काय आहे इथं?"

"कोय माही," आई म्हणाली.

यावर ती बाई हसली नाही, हे तिचं मोठेपण. पण ऐकलंही नाही. लाकूडवाला येऊन बुंधा पाहून गेलाय, रविवारी करवत घेऊन येणार आहे, असं तिनं सांगितलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. शिकवलं होतं ते अशाच वेळेसाठी. मी पुढे झाले. झाड हे एका माणसाचं नसतं, आपण लावतो ते पुढच्या पिढीसाठी, वगैरे. माझं बोलणं चांगलं झालं. मंडळात असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

"ताई," ती म्हणाली, "पुढची पिढी मीच आहे ना? मले तं अर्धंच देऊन राहिल्या तुमी."

मी पर्समध्ये स्कूटीची चावी शोधू लागले.

"हे पाहा," ती आईकडे वळली, "मले झाडाचं वैर नाई. सावली मलेबी लागते. पर दर उन्हाळ्यात फाटक उघडून कोनी येईन आन 'हे माहं' म्हनीन, ते मले चालत नाई. एक सासू आहे मले, ते पुष्कळ झाली. तुमी येनं सोडा, मी लाकूडवाल्याले नाई म्हनते. आन येत राहसान, तं झाडच नाई ठेवत. झगडाच खतम."

आईनं पडलेली कैरी उचलली, पोत्यात टाकली आणि आम्ही निघालो. रस्ताभर ती पोत्यातली कैरी चाचपत होती. मला वाटलं, चिडली असेल. ती हिशेब करत होती: झाड ठेवायचं की कैरी.

घरी बाबांना हे ऐकून जो आनंद झाला तो त्यांनी लपवला नाही. "मी म्हनलो होतो. मेथी."

"तुमच्या मेथीनं कोनाले सावली देल्ली आजवर?"

"मेथीनं झगडा तं नाई लावला."

आई ओट्याशी ती एक कैरी चिरत बसली. कोय अजून मऊ होती, पांढरी. तिनं मला विचारलं, "तुह्या कवितेतला म्हातारा लोनचं कशाचं घालते?"

"तो मेलेला असतो, मा."

"हं. मंग त्याले सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चल. बांबू घेतला, पोतं घेतलं नाही. मला वाटलं, आज मारामारी होते. फाटकाशी आई थांबली आणि कडी वाजवली. ज्या फाटकाला तिनं स्वतः तारेनं कडी बांधली होती, ती कडी आई पहिल्यांदाच बाहेरून वाजवत होती. बाई आली, दारातच उभी राहिली.

"हा आकडा घे," आई म्हणाली. "वरच्या फांदीले तुहा हात पुरत नाई. गोटे मारू देजो नको पोट्ट्याइले, मोहर झडते. आन मुंग्याइचं घरटं दिसलं तं फांदी जाळजो नको, पानी मारजो."

"म्हंजे तुमी..."

"मी येत नाई आता."

बाई काही बोलायच्या आत आई वळली. रविवारी लाकूडवाला आला नाही. मी पाहून आले; आईनं पाठवलं नव्हतं, फक्त 'तुले हथखोजच्या रस्त्यानं जायचं होतं ना?' असं विचारलं होतं. क्वार्टर त्याच रस्त्यावर. मला जायचं नव्हतं. गेले.

त्या वर्षी लोणच्याच्या कैऱ्या दुर्गच्या बाजारातून आल्या. आईनं निवडून घेतल्या, भाजीवालीशी भांडून घेतल्या, आणि लोणचं पावसाळ्यातच मऊ पडलं. ताटात फोड आली की बाबा ती बोटानं दाबून पाहत आणि तरी संपवत. 

जुलैत मंडळाचं बोलावणं आलं. मी कवितेत एक कडवं वाढवलं होतं. त्यात म्हातारा जिवंत असतो आणि आपल्याच झाडाच्या फाटकाबाहेर उभा असतो. पदाधिकाऱ्यांनी ते वाचलं. छान आहे म्हणाले, पण वेळ कमी आहे, तर म्हाताऱ्याला नेहमीच्या जागी मरू द्या. मी नाही म्हटलं. त्या वर्षी कविता दुसऱ्या कोणीतरी म्हटली. तिच्यातही एक म्हातारा होता आणि तोही वेळेवर गेला. जाळी तीच होती.

पुढच्या उन्हाळ्यात आई एका सकाळी म्हणाली, "तिकडं जाऊन येऊ." मी विचारलं, "तू तर येणार नाही म्हणाली होतीस." म्हणाली, "हक्कानं नाई जात. मागाले जातो. मागाले कोनीबी जाते."

हे वाक्य ती किती दिवस घोकत होती, देव जाणे. माझ्या आईनं आयुष्यात शेजारी विरजणसुद्धा मागितलं नव्हतं.

झाड होतं. बुंध्याला चुना लावलेला, खाली पाळणा बांधलेला, पानांचा ढीग कोपऱ्यात लोटलेला. आईनं कडी वाजवली. बाई आली. 

"चार कैऱ्या देशीन का, बाई? चटनीपुरत्या."

"आत या ना काकू."

"नाई, इथंच बरी."

बाई आत गेली, आकडा घेऊन आली आणि पश्चिमेकडच्या फांदीला लावला. आईचा हात उठला, 'तिकडून नको, इकडून काढ' असं सांगायला. मी पाहिला तो हात. तिनं तो वरच्या वर वळवून पदर सारखा केला. बाईनं पिशवी भरून दिली. त्यातली एक कैरी आपटलेली होती. आधीची आई असती तर तिथेच बाजूला टाकली असती.

"यंदा कमी धरला वो काकू. काई रोग तं नाई ना लागला?"

"नाई. एक वर्ष धरते, एक वर्ष आराम करते. पुढल्या साली पाहजो."

"मंग येजा पुढल्या साली."

"तू बोलावजो," आई म्हणाली.

घरी बाबांनी पिशवीत डोकावलं. "एवढ्याच?"

आई विळी पुसत होती. "लोकाच्या झाडाच्या आहेत," ती म्हणाली. "एवढ्या पुष्कळ झाल्या."