फिरायला नव्हे, भेटायला

"अहो वकीलबाई, मी काय खोटं बोलले का? त्या कचेरीतल्या बाबूनं विचारलं, कशाला जायचंय. मी म्हटलं, बहिणीकडं जरा फिरून येते. ह्यात काय शिवी दिली मी त्याला?"

असं म्हणत भिंगरीमावशीनं इस्त्रीला टेबलावर पसरलेल्या वकीलबाईंच्या काळ्या कोटावर पाण्याचा असा सपकारा मारला की वकीलबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"शिवी दिली असतीत तर परवडलं असतं मावशी. माफी मागून सुटला असतात. तुम्ही फिरायला म्हणालात, त्यानं लिहिलं पर्यटन. आणि त्या देशात पर्यटनाला जायला आपल्या सरकारची बंदी आहे. अर्ज नामंजूर."

"पर्यटन! मी? अहो, मी जिना चढून स्वतःच्या गच्चीवर गेले नाही कधी!"

हे मात्र खरं. मावशीचं इस्त्रीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली. एक टेबल, त्यावर जाड पांघरूण, पांघरुणावर जागोजागी करपलेली चादर, कोपऱ्यात गाठोडी. दिवसभर बाई एकाच फरशीवर उभी. त्या फरशीला तिच्या टाचांनी खळगा पाडलाय. तरी नाव पडलं भिंगरी, कारण कुठंही निघाली तरी तिचं एकच सांगणं असतं, "जरा फिरून येते." वीजबिल भरायला निघाली, फिरून येते. दाढ उपटायला निघाली, फिरून येते. समोरचा म्हातारा गेला तेव्हा डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "चला हो, जरा स्मशानात फिरून येऊ." नवरा बसचा ड्रायव्हर होता. जन्म फिरण्यात गेलेला माणूस, त्याला त्या शब्दाचं ना कौतुक ना राग.

पण आता त्याच शब्दावर घोडं अडलं होतं.

मावशीची थोरली बहीण, ताई, लग्न होऊन परदेशात गेली आणि तिकडचीच झाली. पुढं त्या देशाचं आणि इकडच्या सरकारचं बिनसलं. सरकारनं निर्बंध घातले. व्यापार बंद, बँकेतून पैसे पाठवणं बंद, मौजेखातर जाणं बंद. ताई पलीकडं, मावशी अलीकडं, मध्ये खरखर करणारा फोन. ताईचा नवरा वारला, मूलबाळ नाही, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. डॉक्टर ऑपरेशनला तयार होता. फक्त म्हणाला, घरात वेळेवर थेंब टाकणारं माणूस आणा, मग डोळ्याला हात लावतो. शेजारीण होती, पण ताई फोनवर म्हणाली, "तिचा हात असा कापतो गं, एक थेंब डोळ्यात नि चार नाकात."

"माणूस म्हणजे मीच की," मावशी म्हणाली आणि तिनं कोट उलटा केला. "दुसरं आहे कोण तिला?"

वकीलबाईंनी मग नीट समजावलं. सख्ख्या नातेवाइकाला भेटायला, आजारपणात बघायला जाता येतं. रीतसर वाट आहे, ती मावशीनं आपल्याच तोंडानं बुजवली. पुन्हा अर्ज करायचा, डॉक्टरची चिठ्ठी जोडायची.

"पण मुलाखतीत 'फिरणं' ह्या शब्दातला फ सुद्धा निघता कामा नये. भेटायला चाललेय, म्हणायचं."

"आणि फिरून येणार का, असं त्यानंच विचारलं तर?"

"परत येणार, म्हणा! परत!"

ही बातमी गल्लीत पसरली तसा एक पांढऱ्या पँटवाला गिऱ्हाईक पुढं सरसावला. लोकांना इकडून तिकडं पोचवण्याचा त्याचा धंदा. टेबलावर कोपर टेकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, कशाला सरकारच्या दारात नाक घासताय? मधल्या देशात उतरवतो, तिथून गुपचूप पलीकडं. पासपोर्टावर शिक्का नाही, कुणाच्या बापाला पत्ता नाही."

"बाबा रे, माणसाला डोळे किती असतात?"

"दोन."

"एक आत्ता कापायचाय, दुसरा सहा महिन्यांनी. पहिल्या खेपेला चोरून गेले नि सापडले, तर दुसऱ्या डोळ्याला थेंब टाकायला तू जाणार आहेस? कोपर काढ. भाजेल."

त्या दिवशी पांढऱ्या पँटच्या एकाच पायाला दोन क्रीझ उमटल्या. चुकून, असं मावशी म्हणते.

मग गल्लीनं मावशीची जीभ वळवायला घेतली. येणारा-जाणारा गाठोडं टाकून विचारी, "काय मावशी, कुठं निघालात?" मावशी म्हणे, "जरा फि... साबण आणायला." नवरा तर झोपेतून उठवून विचारायचा. शेवटी बाईनं त्या शब्दाची अशी धास्ती घेतली की दुकानातला पंखा बंद पडला तेव्हा वायरमनला म्हणाली, "अरे बघ की, पंखा... पंखा गोल जात नाहीये." वायरमन शिडीवरून पडता पडता वाचला.

मुलाखतीच्या दिवशी मावशी, नवरा आणि वकीलबाई कचेरीत बसले. अधिकारी तरणा, चेहऱ्यानं बरा, पण शर्टाची कॉलर मांजरानं चघळल्यासारखी. मावशीची नजर तिथून हलेना.

"कशासाठी जायचंय?"

"थोरल्या बहिणीला भेटायला, साहेब. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

मागं वकीलबाईंनी श्वास सोडला.

"राहणार कुठं?"

"तिच्याच घरी. दुसरीकडं राहिले तर ती मला दारात उभी करणार नाही पुन्हा."

"दिवसभर काय करणार?"

"थेंब टाकीन. स्वयंपाक करीन. तिचं बोलणं ऐकीन. त्यातच दिवस जाईल, तुम्ही तिला ओळखत नाही."

अधिकारी हसला आणि मान वर न करता सहज म्हणाला, "आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ताईला जरा..." मावशी थांबली. नवऱ्यानं खुर्चीची कड धरली. मावशीच्या गळ्यात तो शब्द येऊन बसलेला सगळ्यांना दिसत होता. तिनं तो गिळला. "संध्याकाळी ताईला हाताला धरून कोपऱ्यापर्यंत नेईन, आणि तिथून घरी आणीन."

"म्हणजे फिरवणार."

"हे तुम्ही म्हणालात साहेब, मी नाही!"

खोलीतला शिपाईसुद्धा हसला. अधिकाऱ्यानं डॉक्टरची चिठ्ठी पुन्हा वाचली. आधीच्या अर्जावरचा पर्यटन हा शब्द बघितला, मावशीकडं बघितलं, आणि परवानगीवर सही केली. मग अटी सांगितल्या. मुक्काम बहिणीकडंच. विकायला काही न्यायचं नाही, आणायचं नाही. औषधं पेशंटपुरती, चिठ्ठीसकट. तिथं कामधंदा करून पैसे घ्यायचे नाहीत.

"कुणाच्या कपड्यांना फुकट इस्त्री केली तर?"

"मावशी, आता उठा."

उठताना तिच्यानं राहवेना. "साहेब, ती कॉलर ओली असतानाच ताणायची. मग अशी होत नाही."

मावशी गेली, महिनाभर राहिली आणि ठरल्या दिवशी परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान उघडलं. वकीलबाई दोन कोट घेऊन हजर.

"कसं झालं ऑपरेशन?"

"झ्याक. पट्टी सोडली तर ताईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी म्हटलं, आता ही रडतेय. तर म्हणते कशी, 'तू इस्त्रीवाली ना गं? मग ही बाही अशी चुरगळलेली कशी?' इतक्या वर्षांनी बघितलं आणि बाही दिसली तिला!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, डोळा चांगला बसवलाय डॉक्टरनं." मावशीनं इस्त्रीच्या तळाला पाण्याचं बोट लावून पाहिलं. चर्र झालं. "दुसरा डोळा राहिलाय. त्या साहेबाकडं पुन्हा जायचंय, तेव्हा कागद तयार ठेवा."

तेवढ्यात पांढरी पँट दारातून डोकावली. "काय मावशी, मजा आहे! फिरून आलात म्हणे?"

"कोण म्हणतो? भेटून आले," मावशी म्हणाली, "आणि ती पँट तिथं ठेव. आधी ह्यांचे कोट." आणि तिनं पहिला कोट टेबलावर पसरला.