न पाहिलेलं लायसन

हे आत्ताच सांगून टाकतो, कारण उद्यापर्यंत थांबलो तर मी ते जरा बरं करून सांगेन.

मी नंदुरबारला मोटार विम्याचा एजंट आहे. काम तसं नवंच. १९४६ सालापासून नव्या कायद्याने लॉरीला विमा सक्तीचा झालाय, म्हणजे लॉरीखाली येऊन किंवा लॉरीतून पडून कुणाला इजा झाली तर भरपाई कंपनीने द्यायची. त्यामुळे पहिले चार महिने मी नुसता पळत होतो. नंदुरबार, खांडबारा, विसरवाडी. फॉर्मवर फॉर्म!

विसरवाडीच्या एका शेठची लॉरी होती. भुईमुगाची पोती खांडबारा स्टेशनावर टाकायची. ड्रायव्हर गुलाबभाऊ. त्याचं लायसन मागे एका अपघातापायी सहा महिने सस्पेंड झालं होतं आणि नुकतंच परत मिळालं होतं. हे त्यानेच सांगितलं, मीही फॉर्मात तसं लिहिलं. पुढचा रकाना होता, 'लायसन प्रत्यक्ष पाहिले काय?'

मी लायसन मागितलं.

"ते शेठनी तिजोरीमा शे," गुलाबभाऊ म्हणाला.

आमच्याकडे ही रीतच आहे. ड्रायव्हर दुसऱ्या मालकाकडे पळू नये म्हणून मालक लायसन कुलपात ठेवतो. शेठ सुरतेला गेले होते, किल्ली त्यांच्याबरोबर. मला दुपारची गाडी पकडायची होती. गुलाबभाऊने नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. मी नंबर लिहिला, रकान्यात 'होय' लिहिलं आणि स्टेशनाकडे सुटलो.

तीन आठवड्यांनी नेसू नदीच्या उतारावर लॉरी कलंडली. वाटेत हात करून चढलेला, पोत्यांवर बसलेला याकोबदादा खाली सापडला. नवापूरकडच्या डोंगरातला माणूस, शेती थोडी, बाकी हमाली. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो. याकोबदादाने मला पायाबद्दल काहीच विचारलं नाही. कंपनी वर्षाचं धान्य होईल इतकं तरी देईल का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, देईल, पॉलिसी मीच केलीय. छाती काढून म्हणालो.

मग धुळ्याहून आमचे साहेब आले. तिजोरी उघडली, लायसन निघालं. मागच्या पानावर लाल शाईत, इंग्रजीत शिक्का होता. लायसन अटीवर परत दिलं होतं: फक्त माल न्यायचा, माणसं बसवायची नाहीत.

साहेबांनी गुलाबभाऊला बोलावून अट वाचून दाखवली. तो माझ्याकडे वळला.

"माले कोन्ही सांगं नही, भाऊ. वाटवर माणूस हात करस, त्याले नही कसं म्हनू?"

शेठ म्हणाले, इंग्रजी आपल्याला कुठे येतं. येत होतं. स्टेशनावरच्या पावत्या ते स्वतः वाचायचे.

साहेबांनी माझा फॉर्म पुढे ठेवला. "हे 'होय' तुझं?"

"हो साहेब."

"लायसन खरंच पाहिलं होतंस?"

नोकरी जाईल असं वाटलं. खरं सांगितलं तर साहेब माफ करतील, असंही वाटलं. "नाही साहेब, पाहिलं नव्हतं."

साहेबांनी ते माझ्या हस्ताक्षरात लिहून घेतलं. खाली सही. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं, बोललास." मला केवढं हलकं वाटलं.

आठ दिवसांत याकोबदादाचा क्लेम नाकारला गेला. आणि परवा इथल्या एका वकिलांनी मला समजावलं. एजंटाने लायसन पाहिलं म्हणजे ते कंपनीने पाहिलं. अट ठाऊक असून पॉलिसी दिली, असाच अर्थ निघाला असता आणि कंपनीला नाही म्हणणं जड गेलं असतं. माझ्या त्या खोट्या 'होय'वर याकोबदादाचं धान्य टिकून होतं. मी ते 'होय' खोडून टाकलं, आणि तेही स्वतःला वाचवायला.

माझी नोकरी आहे. गुलाबभाऊचं लायसन कायमचं गेलं. शेठने नवा ड्रायव्हर ठेवलाय, त्याचंही लायसन तिजोरीत आहे. याकोबदादाला अजून सांगायचंय, आणि ते मलाच सांगायचंय.

धडा एवढाच की लायसन हातात घेऊन, मागचं पान उलटून बघावं. गाडी चुकली तर चुकू द्यावी.

तुम्ही कधी उशीर होतोय म्हणून न बघता 'होय' लिहिलंय का? आणि मग खरं बोलून तुमच्या हातून दुसऱ्याचंच वाटोळं झालंय का? झालं असेल तर मला कळवा. त्या माणसाला तुम्ही कोणत्या शब्दांत सांगितलंत, तेही लिहा.